शब्दबंबाळ रोलप्लेची पार्श्वभूमी आणि ‘लिटरेट’चा घोळ

‘तिने मान हलवली.’ लेखी रोलप्लेमध्ये, म्हणजे खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने पाळीपाळीने लिहीत एकच कथा पुढे नेतात त्या खेळात, हे वाक्य असे एकटे सहसा येत नाही. ते येते ते असे: ‘रात्रीच्या गर्भातून उपसल्यासारख्या काळ्याभोर बटा खांद्यावरून ओघळल्या, त्या नीलवर्णी नेत्रगोलांत शतकांची व्यथा क्षणभर थरारली आणि विझली, मग, जणू नियतीलाच शरण जावे तशी, त्या श्यामलकेशीने मस्तक किंचित झुकवले.’ मान हललीच, नाही असे नाही. पण ती कुठे हलली हे समोरच्या खेळाडूला शोधून काढावे लागते. त्याला उत्तर द्यायचे असते ते त्या हललेल्या मानेला. नेत्रगोलांना काय उत्तर देणार?

या शैलीला रोलप्लेवाले ‘पर्पल प्रोज’, म्हणजे जांभळे गद्य, म्हणतात, आणि हल्ली ते म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा शिवीच देत असतात. मराठीत ‘शब्दबंबाळ’ जास्त चपखल बसतो, कारण त्यात ‘रक्तबंबाळ’ ऐकू येते. ‘पर्पल’ची गोष्ट मात्र बरीच जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस एका रोमन कवीने काव्यकलेवरच्या आपल्या पत्रात लिहिले, की गंभीर सुरुवात केलेल्या काव्याला लोक मध्येच जांभळ्या कापडाची ठिगळे जोडतात: देवीचे वन, वळणे घेत जाणारे पाणी, ऱ्हाईन नदी, इंद्रधनुष्य. तो रंग समुद्री गोगलगायींपासून काढत आणि त्याची किंमत अफाट असे, म्हणजे ठिगळ भारी कापडाचेच होते. कापड वाईट आहे असे त्याने म्हटलेच नाही. त्याची ही जागा नव्हे, एवढेच म्हटले. पुढे जागेचा मुद्दा गळून गेला आणि ‘पर्पल’चा अर्थ नुसता ‘भडक’ उरला. रोलप्लेच्या भांडणात कामाचा आहे तो हा गळलेला मुद्दाच.

मजकुरावर चालणाऱ्या सामायिक खेळांची सुरुवात १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी उभारलेल्या ‘मड’पासून धरतात. तिथे उत्तरेला जायचे, तलवार उचलायची, खजिना शोधायचा. भाषा मिरवायला फारसा वाव नव्हता. भूमिका वठवणे हाच मुख्य उद्योग झाला तो १९८९ च्या ‘टायनीमड’नंतर आलेल्या ‘मश’ प्रकारात. त्यातल्या दोन आज्ञा इथे लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक ‘पोज’, म्हणजे आपल्या पात्राने काय केले ते तृतीय पुरुषात सगळ्यांसमोर मांडणे. दुसरी ‘लुक’. पात्राचे वर्णन एकदाच लिहून ठेवायचे आणि ज्याला पाहायचे असेल त्याने आज्ञा देऊन पाहायचे. डोळ्यांचा रंग, केसांची लांबी, गालावरचा व्रण, अंगरख्याची किनार, सगळी विशेषणे त्या पेटीत बंद. ती वर्णने काही साधीसुधी नसत, पण पेटी उघडायची की नाही हे वाचणाऱ्याच्या हातात होते. पोज मात्र बाकीचे पडद्यासमोर ताटकळत बसलेले असताना लिहायची असे. दहा मिनिटे टंकत बसणारा माणूस लवकरच नकोसा होई. १९८८ मध्ये आलेल्या आयआरसी या चॅटच्या सोयीवर तर एका संदेशाला ५१२ बाइटची मर्यादा होती. ‘स्लॅश-मी’ लिहून एक कृती टाकायची आणि पुढे सरकायचे.

२००० च्या आसपास फोरम, म्हणजे लोक सवडीने पोस्टी टाकतात अशी संकेतस्थळे, चालवण्याची फुकट सॉफ्टवेअरे हाताशी आली आणि खेळ तिकडे गेला. या काळात जरा रेंगाळायला हवे, कारण आजची भांडणे तिथेच शिजली. फोरमवर समोर कोणी ताटकळत नसते. उत्तर दोन दिवसांनी आले तरी चालते, मग ते दोन दिवस दिसले पाहिजेत, असे लिहिणाऱ्यालाच वाटू लागते. आणि तिथे ‘लुक’ नव्हते. प्रत्येक पात्राचे प्रोफाइल असे, पण कथेच्या मजकुरात उभे राहून ते पाहता येत नसे. पेटीतली विशेषणे सुटली आणि पोस्टमध्ये शिरली. जे एकदा लिहून ठेवायचे होते ते दर पोस्टमध्ये नव्याने येऊ लागले. शैली फुगण्याचे खापर सगळे लोक नवशिक्यांच्या हौसेवर फोडतात. मला त्याहून जास्त दोष त्या हरवलेल्या आज्ञेचा वाटतो.

यात भर घातली ‘लिटरेट’, म्हणजे साक्षर, या एका शब्दाने.

चॅटरूममधल्या रोलप्लेमध्ये तेव्हा एका ओळीची उत्तरे चालत. दोन ताऱ्यांच्या मध्ये ‘हसते’ लिहिले की पोस्ट झाली. स्पेलिंगची वाट लागलेली, वाक्ये अर्धवट, तीन पात्रांचे संवाद एकाच ओळीत कोंबलेले. या गर्दीपासून आपली जागा वेगळी ठेवायला फोरम चालवणाऱ्यांनी दारावर पाटी लावली: हे लिटरेट रोलप्ले आहे. सुरुवातीला तिचा अर्थ साधा होता. पूर्ण वाक्ये लिहा, विरामचिन्हे द्या, मोबाइलवरच्या आखूड स्पेलिंगा नकोत. यात कोणी भांडण्यासारखे काही नाही.

पण कुंपण घातले की त्याला उंची लागते. ‘लिटरेट’ला आधी ‘सेमी-लिटरेट’ जोडला गेला, मग वरच्या बाजूला ‘ॲडव्हान्स्ड लिटरेट’. शेजारीच दुसरी एक शिडी होती, ती निव्वळ लांबीची: वन-लायनर, पॅरा, मल्टी-पॅरा, नॉव्हेला. पहिली शिडी भाषेची, दुसरी मापाची. काही वर्षांत दोन्ही एकमेकींवर टेकल्या आणि मग त्या वेगळ्या काढता येईनात. एक परिच्छेद लिहिणारा सेमी-लिटरेट, तीन लिहिणारा लिटरेट, आठ लिहिणारा ॲडव्हान्स्ड. एका फोरमवरचा लिटरेट दुसऱ्या फोरमवर जेमतेम सेमी ठरे, कारण ठरलेले माप कुठेच नव्हते. शब्द मात्र सगळीकडे तोच. त्याचे मराठीत सरळ भाषांतर करून पाहिले की वेडेपणा लगेच दिसतो: एका वाक्यात नेमके उत्तर देणाऱ्याला आपण निरक्षर म्हणत नाही. इथे म्हटले जाई. इंग्रजी ही ज्यांची दुसरी-तिसरी भाषा, किंवा ज्यांना वाचन-लेखनाची अडचण आहे, त्यांना हा शब्द टोचला आणि तसे त्यांनी वेळोवेळी सांगितलेही. काही ठिकाणी तो काढून नुसती लांबी लिहायची पद्धत पडली. बऱ्याच ठिकाणी तो राहिला, कारण ‘लिटरेट’ म्हणवून घेणे ‘तीन परिच्छेदवाले’ म्हणवून घेण्यापेक्षा छान वाटते.

नियम करणाऱ्यांची बाजूही सांगायला हवी. ‘ती हसली’ एवढेच लिहून कोणी पोस्ट सोडून दिली, तर समोरच्याने काय धरून पुढे जायचे? ती का हसली, कुणाकडे पाहून, हसत दारात उभी राहिली की निघून गेली? पुढच्याला हात घालायला काहीतरी ठेवा, ही मागणी रास्तच होती. पण ‘काहीतरी’ मोजता येत नाही. शब्द मोजता येतात. म्हणून नियमावलीत आकडे आले, कुठे किमान २००, कुठे ३००, कुठे ५००. प्रवेशासाठी नमुना-पोस्ट मागायचे आणि तिला तीच फूटपट्टी लावायची. पुढच्याला हात घालायला काय ठेवले आहे हे तपासणारा नियम कुठे दिसलाच तर आकड्यांच्या खाली, सूचना म्हणून.

हा आकडा ज्या दुसऱ्या नियमावर जाऊन आदळला तो तितकाच जुना आणि तितकाच रास्त: दुसऱ्याचे पात्र हलवायचे नाही. गॉडमॉडिंग बंद, पॉवरप्ले बंद. मी तुमच्यावर वार करू शकते, पण तो लागला असे लिहू शकत नाही. आता दोन्ही नियम एकत्र पाळून पाहा. माझ्या पात्राने दार ठोठावले. पुढची घटना तुमची आहे, दार उघडायचे की नाही ते तुम्ही ठरवणार. अट ५०० ची असेल तर माझे चार शब्द झाले, ४९६ उरले. घटना पुढे नेता येत नाही, मग लांबी कुठे वाढवायची? हवेत, अंगावरच्या कपड्यांत, लहानपणीच्या आठवणीत, दाराच्या लाकडात. मी स्वतः अशी अट भागवताना एकाच पोस्टमध्ये पाऊस दोनदा पाडलेला आहे, एकदा बाहेर आणि एकदा मनात.

मग तुम्ही उत्तर देता. तुमच्या पात्राने ठोठावणे ऐकले. तुम्हालाही ५०० शब्द भरायचे आहेत, म्हणून ते माझेच ठोठावणे तुमच्या बाजूने पुन्हा लिहिता: तो आवाज कसा होता, त्याने कोणती जखम उघडली, दारापर्यंतची पावले किती जड होती. शेवटच्या ओळीत कडी निघते. चार पोस्टी, दोन हजार शब्द, एक आठवडा, आणि पाहुणा अजून उंबऱ्यावर. वाचणारा तिसरा माणूस याला पाल्हाळ म्हणेल. लिहिणारे दोघे मात्र नियमात आहेत आणि एकमेकांच्या लांबीला लांबी देत आहेत, ज्याला तिथे सभ्यता समजत. समोरच्याने सहा परिच्छेद लिहिले आणि आपण दोन दिले तर आपल्याला रस नाही असा अर्थ निघे, म्हणून आपण सात देत असू.

‘श्यामलकेशी’ कुठून आली हेही याच ओघात. दोन्ही पात्रे एकाच लिंगाची असली की ‘तो त्याच्याकडे पाहून त्याला म्हणाला’ असा गुंता होतो. नाव दर वाक्यात घेणे म्हणजे पुनरुक्ती, आणि पुनरुक्ती वाईट असे बऱ्याच जणांना शाळेतच शिकवलेले. मग ‘उंच माणूस’, ‘सोनेरी केसांचा’, ‘तरुण योद्धा’. चार परिच्छेदांनी एका खोलीत दोनच माणसे असताना पाच असल्याचा भास होई. डोळ्यांना ‘ऑर्ब्ज’, म्हणजे गोलक, म्हणण्याची खोड इतकी पसरली की पुढे शैलीची टर उडवायची तर तो एक शब्द पुरे होऊ लागला. ‘म्हणाला’ हा निरुपद्रवी शब्द टाळण्यासाठी पात्रे गरजत, कुजबुजत, उद्गारत, उच्चारत. गरीब बिचारे ‘म्हणाला’ कोणाच्या डोळ्यावर येत नाही, हेच त्याचे सुख असते.

त्या काळातल्या पोस्टच्या साच्यांत हे सारे उघड दिसे. रंगीत चौकट, बारीक अक्षर, वर गाण्याची ओळ, आणि तळाशी तीन नोंदी: कोणासाठी, टीप, शब्दसंख्या. ज्या खेळात प्रत्येक चालीखाली तिचे वजन छापलेले असते तिथे चाल जड होणारच.

पुढचा पसारा झपाट्याने बदलला. २००७ मध्ये सुरू झालेल्या टंबलर या ब्लॉगच्या संकेतस्थळावर फोरमची माणसे आपला साचा घेऊन गेली; प्रवेशाच्या परीक्षा मागे पडल्या, पण लांबीला लांबी देण्याचा शिष्टाचार टिकला. २००४ पासूनच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळामध्ये चॅटच्या एका ओळीला २५५ अक्षरांची मर्यादा होती, तर लोकांनी लांब कृती आपोआप तुकडे करून पाठवणारी ॲडऑन, म्हणजे खेळाला जोडायची छोटी सॉफ्टवेअरे, बनवली. २०१५ मध्ये डिस्कॉर्ड हे गटचॅटचे ॲप आले. तिथे साध्या खात्याला एका संदेशात २,००० अक्षरे मिळतात. खेळ पुन्हा चॅटसारखा झाला, कोणीतरी समोर बसलेले असू शकते, ‘टाइप करत आहे’ असे दिसतेही. यामुळे भाषा आटोपशीर होईल असे वाटले होते. काहींची झाली. बाकीचे दोन-तीन भागांत पोस्ट टाकतात आणि शेवटचा भाग येईपर्यंत कोणी मध्ये बोलू नये अशी अपेक्षा ठेवतात.

या शैलीची थट्टा फोरमच्या काळापासूनच होती, पण ‘पर्पल’ हा एका शब्दाचा निकाल होऊन बसला तो नंतर. ही थट्टा फार न्याय्य झाली असे नाही. जाड वर्णन हेच ज्यांचे सुख, त्यांचा जोडीदारही तसाच असेल तर तिसऱ्याचे काय जाते? शिवाय नव्या माणसाला आधी किमान ५०० शब्द लिही म्हणून सांगायचे आणि मग ५०० शब्द लिहिले म्हणून हसायचे, हा प्रकार मी एकाच ठिकाणी, एकाच महिन्यात पाहिलेला आहे. उलट टोकाला गेलेलेही आहेत: विशेषण दिसले की कापायचे, इतके की पात्र खोलीत आहे की रस्त्यावर ते कळत नाही.

ताजे वळण यंत्रांचे. २०१९ च्या अखेरीस यंत्राशी मजकुराने खेळण्याचे पहिले गाजलेले साधन आले, आणि २०२२ नंतर पात्र म्हणून बोलणारे चॅटबॉट सर्रास झाले. त्यांना दोन शब्द दिले तरी तीन परिच्छेद परत येतात. कणा शहारतो, आवाज ‘कुजबुजीहून जेमतेम वर’ असतो, श्वास घशात अडकतो, आणि शेवटी एक प्रश्न हवेत लटकत ठेवलेला असतो. खेळणाऱ्यांनी या ठरीव ओळींच्या याद्या केल्या आहेत, त्या येऊ नयेत म्हणून सूचना लिहिल्या आहेत. यादीतल्या अर्ध्या ओळी फोरमवाल्यांना पाहताक्षणी ओळखू येतात. वीस वर्षे हाताने त्या लिहिणाऱ्यांवर आता संशय घेतला जातो, की हे तुम्ही लिहिले नाही.

जोडीदार शोधण्याच्या जाहिरातींत ‘लिटरेट’ अजून आहे. त्याच्या शेजारी आता ‘एआय नको’ असते, आणि क्वचित कोणी पुढे जोडते की स्पेलिंग चुकले तरी हरकत नाही.