वर्गणी भरून वाचनालय कशासाठी? – नव्या सभासदांसाठी माहितीपत्रक

"ठाण्यात इतकी जुनी ग्रंथालयं आहेत, मग तुमच्याकडे वेगळी वर्गणी का भरायची?" नाव नोंदवायला आलेली बरीच मंडळी हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर इथे सविस्तर देत आहोत.

आधी सार्वजनिक ग्रंथालयांविषयी. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं, वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. शेजारच्या कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर त्याहून जुनं, १८६४ सालचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार राज्यातल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि त्याप्रमाणे सरकारी अनुदान. वर्गणी तिथेही असते, पण अनुदानाच्या आधारामुळे ती कमी ठेवता येते. जुने संदर्भग्रंथ, बंद पडलेल्या मासिकांचे बांधीव खंड, इतिहासाची साधनं हवी असतील तर तिथेच जायला हवं. आमच्या दोन खोल्यांत ते मावणार नाही. तिथलं सभासदत्व सोडून आमच्याकडे या, असं आम्ही कोणालाच सांगत नाही.

फरक आहे तो पुस्तक निवडण्याच्या पद्धतीत. सार्वजनिक ग्रंथालयाला शाळकरी मुलांपासून संशोधकांपर्यंत सगळ्यांचं पाहावं लागतं. खरेदी रीतसर मंजुरीने होते आणि एकदा दाखल झालेलं पुस्तक काढून टाकायलाही नियम असतात. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या वस्तूबाबत हे असायलाच हवं. मात्र गाजत असलेल्या कादंबरीची एकच प्रत असली की वाचकाचा नंबर लागेपर्यंत महिने जातात.

आमच्या काउंटरवर, डाव्या हाताला, दोरीने पेन बांधलेली एक लांब वही असते. ती मागणीवही. पुस्तकाचं नाव लिहा, पुढे आपला सभासद क्रमांक टाका. दर शनिवारी ती वही सोबत घेऊनच आम्ही खरेदीला निघतो. एकाच नावापुढे तीन-चार क्रमांक दिसले तर दोन प्रती घेतो. वर्षभराने मागणी ओसरली की जादा प्रत निम्म्या किमतीत सभासदांनाच विकतो आणि कपाटात नव्याला जागा होते. थोडक्यात, इथे काय यावं हे वर्गणीदार ठरवतात. ही आमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे असं आम्हाला मनापासून वाटतं.

ही रीत आम्ही शोधलेली नाही. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमचं भलंमोठं ग्रंथालय होतं, पण तिथली पुस्तकं घरी नेता येत नसत. त्याला कंटाळून लेखक टॉमस कार्लाइल यांनी १८४१ मध्ये समविचारी मंडळींना जमवून 'लंडन लायब्ररी' सुरू केली. सभासदांच्या वर्गणीवर ती आजही चालते आणि सभासद तिथल्या कपाटांमधून मनसोक्त हिंडतात. आमच्याकडेही कपाटांना कुलूप नाही. यादीतून नाव सांगून पुस्तक मागवणं वेगळं आणि शेजारचं अनोळखी पुस्तक सहज उघडून दोन पानं उभ्याउभ्या वाचणं वेगळं. मुलांना तर हे करू द्याच. पुस्तकं इकडची तिकडे लागली तरी आम्ही लावून घेऊ.

दुसरी गोष्ट ओळखीची. सभासद मोजके असल्यामुळे कोणाला बारीक टाइप वाचवत नाही, कोणाला प्रवासवर्णनं आवडतात, कोणी अनुवाद हातात धरत नाही, हे आम्हाला ठाऊक असतं. तसं काही नवं आलं की फोन करतो.

दिवाळी अंकांबद्दल थोडं. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी अंकांशिवाय होत नाही. आता अंक शेकडोंनी निघतात आणि चार-पाच विकत घ्यायचे तरी हजारावर खर्च जातो. आमच्या दिवाळी अंक योजनेची वर्गणी वेगळी आहे. नोंदणी दसऱ्यापर्यंत करावी, म्हणजे किती प्रती घ्यायच्या याचा अंदाज येतो. अंक आठवड्याला बदलावा लागतो. इथे मात्र आम्ही कडक आहोत, कारण मागे रांग असते.

घोडबंदर रोडच्या सभासदांना नौपाड्यापर्यंत येणं संध्याकाळच्या ट्रॅफिकमुळे जमत नाही. त्यांना आठवड्यातून एकदा पुस्तकं घरपोच मिळतात.

कोणी आमचं सभासदत्व घेऊ नये, तेही सांगतो. स्पर्धा परीक्षेसाठी बसायला जागा हवी असेल तर अभ्यासिका शोधा, आमच्याकडे टेबलं नाहीत. तीन-चार महिन्यांत एखादंच पुस्तक वाचून होत असेल तर वार्षिक वर्गणी भरू नका, सुट्या पुस्तकाचा दर परवडेल.

वर्गणीचे दर काउंटरवर लावले आहेत. सभासदत्व सोडताना अनामत पूर्ण परत मिळते, फक्त घेतलेली पुस्तकं जमा झालेली हवीत. पान फाटलं तर सेलोटेप लावू नका, कागद पिवळा पडतो. तसंच आणून द्या, आम्ही दुरुस्त करू. कार्ड घरी राहिलं असेल तर सभासद क्रमांक सांगितला तरी पुस्तक बदलून मिळेल.