गळणारी भिंत बरी

उतारावरच्या घरामागे संरक्षक भिंत असते आणि तिच्यात ओळीने पाइपांची तोंडे सोडलेली असतात. मोठ्या पावसात त्यांतून पाणी गळू लागले की घरमालक अस्वस्थ होतो. कुणी सिमेंट लावून ती बुजवूनही टाकतो. खरे तर धास्ती वाटावी ती पाऊस कोसळत असताना ही तोंडे कोरडी राहिली तर. भिंतीमागे ३ मीटर पाणी तुंबले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच साडेचार टनांच्या आसपास रेटा येतो. मातीचा वेगळा.

दरड आली की ‘पावसाने माती जड झाली’ असे म्हणतात. ते अर्धेच खरे. माती उतारावर टिकते ती कण एकमेकांवर दाबलेले असतात म्हणून. दाब आहे तोवर घर्षण आहे. फटींत तुंबलेले पाणी कणांना आतून रेटते, दाब सैलावतो आणि घर्षण घटते. कार्ल तेर्झागी या अभियंत्याने १९२५च्या आपल्या ग्रंथात या विचाराचा पाया घातला. सुटी कोरडी वाळू ३०-३५ अंशांच्या उतारावर थांबते. तोच उतार पाण्याने पुरता भरून झिरपू लागला, की सुरक्षित कोन जवळजवळ निम्म्यावर येतो!

आता घर. वरचा उतार कापायचा, निघालेली माती खालच्या कडेला लोटायची आणि दोन्हींवर मिळून एकच घर बसवायचे, ही पद्धत स्वस्त आणि वाईट. कापल्यामुळे वरच्या मातीचा टेकू जातो, तो वेगळाच. भराव वर्षानुवर्षे दबत राहतो, शेजारची मूळ जमीन फारशी हलत नाही. मग एक दिवस खिडकी लागेनाशी होते, तिच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. गिलाव्याने ती झाकता येते, पुढच्या पावसापर्यंत.

पाया खोल नेला म्हणजे भागले, असेही नाही. खांब घसरणाऱ्या थरातच संपले, तर ते घरासकट खाली येतात. ते थर ओलांडून टणक खडकात रुतले पाहिजेत, शिवाय मधल्या मातीचा आडवा रेटा त्यांनी सोसला पाहिजे. हा थर किती खोल, ते बोअर घेऊन तपासावे लागते. तो खर्च टाळून महागड्या फरशा बसवणारे पुष्कळ.

छपराचे पाणी आणि शोषखड्डा घराच्या वरच्या अंगाला कधीच नको. आणि तिथे जमिनीत कमानीसारखी वाकलेली ताजी भेग दिसली, तर आधी घर रिकामे करावे. भेगेवर ताडपत्री टाकायची की नाही, ते जाणकाराला विचारून.