पफचा आकडा नेमका कशाचा?

शीतगृहाच्या भिंतीत बसणाऱ्या पफ (म्हणजे पॉलियुरेथेन फोम) पॅनलच्या माहितीपत्रकावर 'उष्णतावाहकता ०.०२२' असं छापलेलं असतं. एकक वॅट प्रति मीटर केल्विन; आकडा जितका कमी, तितकी उष्णता कमी आरपार जाते. बहुतेकांना वाटतं, हा आकडा प्लॅस्टिकचा. पण घनमीटरला ४० किलोच्या फोमात प्लॅस्टिक जेमतेम ३-४ टक्के जागा अडवतं. बाकी सगळा बंद पेशींत कोंडलेला वायू. पेशी मिलिमीटरहून लहान, त्यामुळे आत अभिसरण होतच नाही. वायूतलं वहन, पेशींच्या भिंतींतलं वहन आणि प्रारण या तिघांची बेरीज करून तिला 'वाहकता' म्हणायचा प्रघात पडला आणि घोळ तिथेच झाला. तांब्याची वाहकता दहा वर्षांनीही तीच असते. फोमची नसते.

पॉलियुरेथेन १९३७ सालचं, जर्मनीतलं. उष्णतारोधक म्हणून त्याला भाव आला तो पुढे, सीएफसी-११ या फोम फुगवणाऱ्या रसायनामुळे. हा द्रव सुमारे २४ अंशांना उकळतो, म्हणजे रसायनं एकत्र आली की त्यांच्याच उष्णतेने वाफ होऊन फोम फुगवतो. या वायूची वाहकता हवेच्या एक तृतीयांश, म्हणून ताजा फोम ०.०१७ पर्यंत उतरायचा. स्थिर हवेची वाहकतासुद्धा ०.०२५ च्या पुढे आहे.

इथे 'ताजा' हा शब्द महत्त्वाचा. पेशींतून हवा हळूहळू आत शिरते, मूळ वायू त्याहून सावकाश बाहेर पडतो आणि आकडा चढत जातो. मग माहितीपत्रकावर कोणत्या वयाचा आकडा छापायचा? हा वाद वर्षानुवर्षं चालला. उत्पादकांना साहजिकच पहिल्या आठवड्यातला हवा होता. उत्तर अमेरिकेत अखेर १५ वर्षांची सरासरी धरायचं ठरलं. ती पाच वर्षं जुन्या फोमच्या आकड्याइतकी मानली. पाच वर्षं थांबणार कोण? म्हणून फोमचे पातळ काप काढून मोजायची युक्ती निघाली. वायू झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ५० मिमीच्या पाटातून १० मिमीचा काप काढला तर तो २५ पट वेगाने म्हातारा होतो आणि पाच वर्षांचं काम ७३ दिवसांत उरकतं. कापताना पृष्ठभागावरच्या पेशी फुटतात, हा आक्षेप रास्त होता. 'आमच्या पॅनलला दोन्ही बाजूंनी पत्रा आहे, वायू जाईल कुठून?' हा मात्र अर्धाच खरा: सांध्यांना आणि कापलेल्या कडांना पत्रा नसतो.

सीएफसी-११ ने ओझोनचा थर विरतो, म्हणून तो थर वाचवण्यासाठीच्या १९८७च्या माँट्रियल करारानंतर वायूच बदलावा लागला. आधी त्याचाच भाऊबंद एचसीएफसी-१४१बी आला. त्यानेही ओझोनला झळ पोचते, सीएफसी-११ च्या मानाने एक दशांशाच्या आसपास. भारतात तो १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. त्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी सायक्लोपेंटेन वापरतात. ओझोनला त्याचा त्रास नाही, पण ते पेट घेतं, आणि आकडा ०.०२० च्या वर सरकतो. त्यामुळे जुन्या जाडीत तेवढंच काम होत नाही. २०१८-१९ मध्ये तर पूर्व चीनमधून सीएफसी-११ पुन्हा हवेत मिसळत असल्याचं मोजमापांतून उघड झालं. संशयाची सुई फोमच्याच कारखान्यांकडे वळली. जुना वायू स्वस्त आणि सरस होता, हे तिथे कोणी विसरलं नसावं.

थर्माकोलच्या पेशींत मात्र थोड्याच दिवसांत साधी हवा भरते, त्यामुळे त्याला म्हातारपणाची ही कटकट नाही. त्याची अडचण प्रारणाची: कमी घनतेच्या पांढऱ्या थर्माकोलमधून अवरक्त किरण बऱ्यापैकी आरपार जातात. ते अडवायला त्यात ग्रॅफाइट मिसळतात. तो राखाडी थर्माकोल.