श्राव्यातीत कंपकाचा चिकटसांधा : ताकदीची तपासणी

अल्ट्रासोनिक सफाई-यंत्राच्या टाकीखाली डिंकाने बसवलेला कंपक (विजेवर थरथरून पाण्यात श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, लहरी सोडणारा भाग) तिला किती घट्ट धरून आहे, हे पाहण्याची रीत. विदर्भात तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचे इंजेक्टर धुणारी डिझेल-पंपाची वर्कशॉपे आणि दातांचे दवाखाने अशा टाक्या वापरतात. कंपकाला बोलण्यात नुसते ‘हेड’ म्हणतात.

हेडमध्ये दाबविद्युत (वीज दिली की आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या) सिरॅमिकच्या चकत्या दोन धातूंच्या ठोकळ्यांमध्ये बोल्टने आवळलेल्या असतात. या रचनेचे मूळ पहिल्या महायुद्धातले : पाणबुड्या हुडकण्यासाठी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी पोलादी पट्ट्यांमध्ये क्वार्ट्झ चिकटवले होते. आज हेडचा ॲल्युमिनियमचा तोंडाकडचा ठोकळा इपॉक्सी या डिंकाने स्टीलच्या टाकीला जोडतात. ४० किलोहर्ट्झचे हेड तासाला १४.४ कोटी वेळा थरथरते, तेव्हा नुसत्या ओढीला टिकलेला सांधा चालेलच, असे नाही.

प्रयोगशाळेत आयएसओ ४५८७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १.६ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या १२.५ मिमी एकमेकींवर चढवून चिकटवतात आणि तुटेपर्यंत ओढतात. ताकद मेगापास्कलमध्ये (दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन जोर) मोजतात. पण आकड्याइतकेच तुटलेले तोंडही पाहावे. दोन्ही बाजूंना डिंक राहिला तर डिंक स्वतः फाटला, म्हणजे काम चोख. एक बाजू लख्ख निघाली तर तिथे तेल राहिले होते किंवा सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने धातू खरखरीत करणे) कमी पडले. ४५ मिमी व्यासाचे हेड १० मेगापास्कलला सरळ ओढून काढायचे तर सुमारे १,६०० किलो जोर लागेल. तोच सांधा कडेला छिन्नी घातली तर मात्र फार लवकर उकलतो.

वर्कशॉपात हेड उपटून बघता येत नाही. टाकीत पाणी भरून ॲल्युमिनियम फॉइल मिनिटभर उभा धरतात. चांगल्या हेडवर त्याला बारीक भोके पडतात, सुटलेल्यावर तो जवळपास कोराच निघतो. ही ताकदीची मोजणी नव्हे, सुटल्याची खूण. इम्पिडन्स ॲनालायझर (वेगवेगळ्या वारंवारतांना हेडचा विद्युत-विरोध मोजणारे यंत्र) असेल तर अनुनाद-वारंवारता (हेड सर्वांत जोराने थरथरते ती) सरकलेली आधीच दिसते. टाकीला मधे वेल्ड केलेला स्टड (हेड ज्यावर बसते तो आट्यांचा खुंट) फसवतो : डिंक सुटला तरी हेड लटकून राहते.

तपासणी गार टाकीवर करू नये. खोलीच्या तापमानाला वाळवलेले बरेच इपॉक्सी ५०–६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. टाकीचा हीटर ६० वर, त्यात मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ४५, आणि टाकीखालच्या बंद डब्यात हवा खेळत नाही. त्याच उन्हात कालवलेला डिंकही वाटीतच आवळतो. म्हणून नवे हेड सकाळच्या गारव्यात बसवावे.