‘नाही, पण…’ : हत्ती, झोपडी आणि केनियाची जमीन

वादळी पावसात हत्ती माणसाच्या झोपडीपाशी येतो. नुसती सोंड आत घेऊ दे, म्हणतो. सोंडेमागून डोकं येतं, डोक्यामागून धड, आणि घरधनी बाहेर पावसात. भटाला ओसरी दिल्याची आपली म्हण हमखास आठवते. पण इथे पुढे सिंहमहाराज चौकशी आयोग नेमायला सांगतात, आणि नेमणारे कोण, तर खुद्द हत्ती आणि त्याचे सहकारी मंत्री! आयोगात गेंडा, रानरेडा, मगर, कोल्हा, बिबट्या. माणूस एकही नाही. झोपडीतली ती मोकळी जागा हत्तीच्या आधी कुणी वापरत होतं का, एवढंच माणसाला विचारतात. तो ‘नाही, पण…’ म्हणतो आणि तिथेच त्याची साक्ष आटोपते.

पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा यांनी ही गोष्ट ‘फेसिंग माउंट केनिया’ (१९३८) या ग्रंथात सांगितली. लंडनमध्ये मालिनोव्हस्की यांच्या हाताखाली मानववंशशास्त्र शिकताना त्यांनी केलेला हा किकुयू समाजाचा, म्हणजे आपल्याच माणसांचा अभ्यास. गोष्ट येते ती जमीनधारणेच्या प्रकरणात.

माझ्या मते सगळं मर्म त्या तोडलेल्या ‘पण’मध्ये आहे. १८९० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत बुळकांडीने गुरं मेली. दशक सरताना दुष्काळ आणि देवीच्या साथीने किकुयू गावं ओस पडली. जगलेले नातलगांकडे गेले, जमिनी पड राहिल्या. काही तर कस भरून यावा म्हणून मुद्दामच पड ठेवलेल्या. गोऱ्यांनी ती पड जमीन पाहिली आणि बेवारस ठरवली.

किकुयूंमध्ये एक रीत होती. मैत्रीखातर एखाद्याला जमीन कसायला द्यायची, खंड घ्यायचा नाही. असा कसणारा म्हणजे ‘मुहोई’. मालकी मात्र देणाऱ्याचीच. हत्तीला मिळाला तो असाच आसरा. प्रत्यक्षात १९१५ च्या कायद्याने गोऱ्यांना ९९९ वर्षांचे पट्टे मिळू लागले, आणि १९२१ मध्ये न्यायालयाने किकुयूंनाच सरकारच्या मर्जीवर राहणारी कुळं ठरवलं. यजमानच कूळ झाला! १९३२ मध्ये जमीन आयोग बसला, त्यातही आफ्रिकी सदस्य एकही नव्हता.

गोष्टीतला माणूस शेवटी एक मोठं घर बांधतो. सगळे प्राणी आत घुसतात, जागेवरून भांडतात, आणि तो घर पेटवून देतो. पुस्तकानंतर १४ वर्षांनी, ऑक्टोबर १९५२ मध्ये, ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माउ माउ बंडामुळे केनियात आणीबाणी पुकारली गेली आणि केन्याटांना त्याच रात्री अटक झाली.