थेम्स नदीवरील उतारू आगबोटी (व्हिक्टोरिया-काळ)

लंडन शहर आणि थेम्स नदीचे मुख यांदरम्यान वाफेच्या इंजिनाने व बाजूंच्या चाकांनी चालणाऱ्या बोटींतून होणारी माणसांची वाहतूक. १८१५ मध्ये ‘मार्जरी’ ही बोट लंडन ते ग्रेव्हझेंड या मार्गावर धावू लागली, तेव्हापासून या वाहतुकीचा आरंभ धरतात; तिची भरभराट मात्र व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) झाली.

तोवर नदीवरचे उतारू वल्ह्यांच्या नावांतून जात. नावाड्यांचा संघ जुना आणि वजनदार होता व त्याने आगबोटींना विरोधही केला. पण गर्दीच्या रस्त्यांवरून घोडागाडीने जाण्यापेक्षा बोट स्वस्त पडे, आणि पुष्कळदा लवकरही पोचे. जुन्या लंडन पुलाच्या अरुंद कमानींतून भरती-ओहोटीचे पाणी इतक्या जोराने वाहे, की तेथून बोट काढणे धोक्याचे होते. १८३१ मध्ये नवा पूल खुला झाला व त्यानंतर जुना पाडण्यात आला, त्यामुळे हा अडथळा दूर झाला. तरीही पुलाच्या वरच्या बाजूच्या, शहरांतर्गत फेऱ्या करणाऱ्या लहान बोटी आणि खालच्या बाजूला ग्रिनिच, वुलिच, ग्रेव्हझेंड, मार्गेट येथे जाणाऱ्या मोठ्या बोटी असा भेद राहिलाच. पहिल्या प्रकारात कामावर जाणारे कारकून व कारागीर बसत, तर दुसऱ्यात सुटीचा दिवस मजेत घालवू पाहणारी कुटुंबे.

वरच्या बोटींचे धुराडे बिजागरीवर बसवलेले असे व पूल आला की ते आडवे करावे लागे. कप्तान चाकाच्या पेटीवर उभा राहून इशारा करी आणि इंजिनघराच्या तोंडाशी उभा असलेला पोरगा ‘हळू’, ‘थांबव’, ‘मागे घे’ असे ओरडून तो खालच्या इंजिनवाल्याला कळवी. भरतीबरोबर पाण्याची पातळी कित्येक मीटर वर-खाली होत असल्याने धक्के तरते ठेवावे लागत.

कंपन्यांची चढाओढ मुख्यतः भाड्यावर चाले. ते एका पेनीवर आणि शेवटी अर्ध्या पेनीवर आले. उतारूंना हे लाभाचेच होते, पण एवढ्या भाड्यात नफा काढायचा तर फेऱ्या वाढवाव्या लागत आणि बोटी खच्चून भराव्या लागत. अर्ध्या पेनीच्या ‘क्रिकेट’ या बोटीचा बॉयलर २७ ऑगस्ट १८४७ रोजी अडेल्फी धक्क्यावर फुटून माणसे दगावली; जादा वाफ बाहेर सोडणारी सुरक्षा-झडप बांधून ठेवलेली होती, असे चौकशीत निघाले.

सर्वांत भीषण अपघात ३ सप्टेंबर १८७८ रोजी घडला. सहलीहून लंडनला परतणारी ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही बोट वुलिचजवळच्या वळणावर ‘बायवेल कॅसल’ या कोळसावाहू जहाजापुढे आली आणि धडकेनंतर अवघ्या काही मिनिटांत बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे मृत्यू पावली. उतारूंची यादी ठेवण्याची रीतच नसल्याने नेमका आकडा कधीच ठरला नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीतील सांडपाण्यामुळे लंडनभर पसरलेल्या असह्य दुर्गंधीनंतर शहराचे सांडपाणी नळांनी पूर्वेकडे नेऊन नदीत सोडण्याची जी योजना झाली, तिची मुखे या ठिकाणाजवळच होती, आणि त्याच सुमारास तेथे मैला सोडलेला होता. बचावलेल्यांनी त्या पाण्याचे जे वर्णन केले, त्यामुळे सांडपाण्याच्या प्रश्नाची चर्चा नव्याने सुरू झाली. १८८७ पासून सांडपाण्यातील गाळ जहाजांनी समुद्रात नेऊन टाकण्यात येऊ लागला. नदीवरील पोलिसांच्या वल्ह्यांच्या नावांची जागाही पुढे वाफेच्या लाँचनी घेतली.

या वाहतुकीच्या ऱ्हासाचे खापर सहसा रेल्वेवर फोडले जाते. ग्रिनिचला १८३८ मध्ये आणि ग्रेव्हझेंडला १८४९ मध्ये लंडनहून रेल्वे पोचली, व नदीकाठच्या बांधाखालून (एम्बँकमेंट) धावणारी भुयारी रेल्वे १८७० पर्यंत सुरू झाली, हे खरे. पण बोटी त्यानंतरही वर्षानुवर्षे गच्च भरून जात. धुके, हिवाळा आणि पाण्याची दुर्गंधी यांनीही उतारू तोडले, याकडे दुर्लक्ष होते. शहराचा कारभार पाहणाऱ्या लंडन काउंटी कौन्सिलने १९०५ मध्ये तीस नव्या बोटी आणून सेवा पुन्हा चालवून पाहिली. तोटा होऊन ती १९०७ मध्ये बंद पडली.