ब्लॉगमधून मिळणारा पैसा आणि ब्लॉगमुळे मिळणारा पैसा

लग्नाकार्यात कोणी ना कोणी विचारतंच, “ब्लॉगवरून महिन्याला किती सुटतात रे?” मी हसून विषय बदलतो. आकडा सांगायची लाज वाटते हे एक कारण. खरं कारण असं की त्या ‘वरून’मध्येच सगळा घोळ आहे. तिथे ‘मधून’ म्हणायचं आहे की ‘मुळे’, हे ठरवल्याशिवाय उत्तर देता येत नाही. नवीन ब्लॉग सुरू करणाऱ्यांच्या अपेक्षा नेमक्या इथेच फसतात. ऐकलेले आकडे ‘मुळे’चे असतात आणि वाट बघितली जाते ‘मधून’ची.

ब्लॉगमधून म्हणजे पानावरच पैसा पडतो: जाहिरात दिसली, पैसे. तुमच्या दुव्यावरून कोणी खरेदी केली, कमिशन. ब्लॉगमुळे म्हणजे पानावर दमडीही पडत नाही, पण ते वाचून कोणीतरी फोन करतं आणि काम देतं.

दोन्ही घरचीच उदाहरणं आहेत. मी सह्याद्रीतल्या गडांवर आणि घाटवाटांवर लिहितो. राजमाचीला लोणावळ्याहून चालत जावं की कोंदिवड्याहून चढावं, गावात जेवण मिळतं का, असल्या गोष्टी. माझ्या वहिनी बार्शीला असतात, त्या ब्लाउजच्या कटिंगवर लिहितात. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलाकार काप, कसा काढायचा, कटोरीचं माप, अस्तर लावताना बाही का ओढते. माझे वाचक त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. पैसे मात्र त्यांना जास्त मिळतात. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आधी माझी बाजू. गूगलची अ‍ॅडसेन्स ही सोय २००३ साली आली. तुम्ही तुमच्या पानावर जागा द्यायची, गूगल तिथे जाहिरात आणून लावणार आणि मिळालेल्या पैशातला वाटा तुम्हाला देणार. भारतीय भाषांमध्ये हिंदीला ही दारं २०१४ मध्ये उघडली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. तोवर मराठीत लिहिणारे काही जण अर्ज मंजूर व्हावा म्हणून चार इंग्रजी लेख पुढे ठेवायचे आणि मागून मराठी सुरू करायचे. आता ती कसरत करावी लागत नाही.

वाटा किती? पूर्वी सरळ सांगायचे, ६८ टक्के तुमचे. २०२४ च्या सुरुवातीपासून हिशेब दोन टप्प्यांत होतो. जाहिरात खरेदी करणारी यंत्रणा आधी आपलं शुल्क काढून घेते आणि उरलेल्यातले ८० टक्के तुम्हाला मिळतात. जाहिरात गूगलच्याच यंत्रणेतून आली असेल तर आकडा जवळपास त्या ६८ टक्क्यांवरच येतो. त्याच वेळी आणखी एक बदल झाला. पैसे आता क्लिकवर नाहीत, जाहिरात दिसण्यावर मिळतात. ‘क्लिक झालं की पैसे’ हे अजूनही जो तो सांगतो, ते जुनं झालं. आणि मित्रांच्या ग्रुपवर ‘जरा जाहिरातीवर क्लिक करा रे’ असं टाकणं तर तेव्हाही नियमाविरुद्ध होतं, आजही आहे. प्रेमापोटी केलेल्या असल्या क्लिकांनी खाती बंद पडतात.

आता मुख्य गणित. जाहिरातीचा दर तुम्ही ठरवत नाही, तो लिलावात ठरतो. वाचक कुठे बसला आहे आणि कशाबद्दल वाचतो आहे, यावर बोली लागते. तोच मराठी लेख न्यू जर्सीत बसलेल्या माणसाने वाचला तर साताऱ्यातल्या वाचकापेक्षा बहुधा जास्त पैसे मिळतात, कारण तिथल्या गिऱ्हाइकासाठी जाहिरातदार जास्त मोजायला तयार असतो. कर्ज, विमा, म्युच्युअल फंड हे महाग विषय. गडावर पाण्याचं टाकं कुठे आहे, हा स्वस्तातला. त्या टाक्याशेजारी आपली जाहिरात लागावी म्हणून कोण बोली लावणार?

समजा हजार पानं वाचली गेली की ५० रुपये मिळतात. हा दर मी उदाहरणासाठी धरला आहे, पण मराठी मजकूर आणि इथलेच वाचक म्हटल्यावर फार मोठा धरण्यात अर्थ नाही. महिन्याला १०,००० पानं म्हणजे ५०० रुपये. आता पुढची पायरी: १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. डॉलर ८५ रुपयांना धरला तर साडेआठ हजार. म्हणजे १७ महिने. दीड वर्ष लिहिल्यावर पहिला पैसा, आणि तोही महिन्याला १०,००० पानं पहिल्या दिवसापासून वाचली गेली तर. पहिल्या दिवसापासून अर्थातच कोणी वाचत नाही. पहिले सहा महिने माझा सगळ्यात निष्ठावान वाचक मीच होतो, शुद्धलेखनाच्या चुका शोधायला.

त्यातही वाट सरळ नसते. खात्यात १० डॉलर झाले की पत्त्याची खात्री करायला गूगल साध्या टपालाने एक कागद पाठवतं. तो दिवस मला आठवतो. पोस्टमनकाका दारात उभे, हातात पांढरा घडीचा कागद, तीन कडांना फाडायची भोकं. आईला वाटलं इन्कम टॅक्सची नोटीस आली. आत सहा आकडे होते. ते संगणकावर भरले की पत्ता पक्का. चार महिन्यांत भरले नाहीत तर जाहिराती थांबतात. पुढे पहिली रक्कम आली तेव्हा बँकेतून फोन आला, पैसे परदेशातून आलेत, कशाचे आहेत, परपज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले त्याचा ठरलेला क्रमांक, सांगा. जाहिरातीचे म्हटल्यावर समोरून शांतता. मग, “कसली जाहिरात करता तुम्ही?” मी म्हटलं, “मी नाही करत, माझ्या भिंतीवर करतात.” साहेबांना ते पटलं, फॉर्म भरून झाला.

गडांच्या ब्लॉगला ऋतूही असतो. जून ते सप्टेंबर राजमाची, अंधारबन, हरिश्चंद्रगड, सगळं धो धो वाचलं जातं. मार्च-एप्रिलमध्ये शुकशुकाट. पावसाळ्यातला आकडा बघून वर्षाचं बजेट आखलं की एप्रिलमध्ये डोमेनच्या, म्हणजे ब्लॉगच्या पत्त्याच्या, नूतनीकरणाचे हजारभर रुपये खिशातून जातात.

दुव्यावरच्या कमिशनचं थोडक्यात सांगतो. नाव ‘मधून’च्या खात्यात, पण वागणं वेगळं. अ‍ॅमेझॉनच्या दुव्यावर कोणी गेलं आणि २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली तरच ती विक्री तुमच्या नावावर धरली जाते. शिवाय सुरुवातीच्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. माझा वाचक वाट शोधायला येतो, बूट घ्यायला नाही. त्याला बूट घ्यायचेच असतील तर तो गडावर जाऊन आल्यावर, अंगठ्याचं नख काळं पडल्यावर घेतो. तेव्हा २४ तास कधीच उलटलेले असतात. याउलट ‘कापड कापायला कात्री कोणती घ्यावी’ असं शोधत आलेली बाई पाकीट हातात घेऊनच आलेली असते. इथे वाचकांची संख्या दुय्यम आहे, ते कशासाठी आले हे महत्त्वाचं.

आता वहिनींकडे.

त्यांच्या ब्लॉगवर चाळीसेक लेख आहेत. फुकटच्या ब्लॉगस्पॉटवर, जाहिरात एकही नाही. वहीच्या चौकटीच्या कागदावर पेनाने आकृती काढायची, खिडकीच्या उजेडात फोटो काढायचा आणि खाली पायरीपायरीने लिहायचं. ३४ छातीला मुंढा किती, ३८ ला किती, आणि ‘पाठीमागे चोळी उचलते, काय करू’ याचं उत्तर. प्रत्येक लेखाच्या शेवटी एक ओळ: बार्शीत घरी शिकवते, बाहेरगावच्यांना व्हिडिओ कॉलवर. आणि व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर.

चार दिवसांच्या वर्गाचे १,५०० रुपये. एखाद्या महिन्यात आठ जणी आल्या की १२,००० झाले. तेवढे पैसे जाहिरातींतून यायला, वरच्याच दराने, २,४०,००० पानं वाचली जावी लागतील. वहिनींची पानं महिन्याला सहा हजारांच्या आसपास वाचली जातात.

इथे नवखे लोक दुसऱ्या टोकाला जाऊन फसतात, म्हणून हेही लिहितो. ते १२,००० ब्लॉगने कमावले नाहीत, वहिनींनी कमावले. आठ जणींना चार-चार दिवस शिकवलं, दोघींचं कापड चुकलं तेव्हा पुन्हा कापून दाखवलं, रात्री अकराला ‘ताई, बाही उलटी लागली’ या मेसेजला उत्तर दिलं. ब्लॉग म्हणजे दारावरची पाटी, फक्त ती पाटी बार्शीबाहेरही वाचता येते, कोल्हापुरात आणि मस्कतमध्येही. ‘झोपेत पैसे’ म्हणतात तो प्रकार यात अजिबात नाही. वहिनी आजारी पडल्या की उत्पन्न शून्य. माझ्या गडाच्या जुन्या लेखावर मात्र मी झोपलेलो असतानाही चार आणे पडत असतात. पडतात चार आणेच, हा भाग वेगळा.

आणि विकायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. वहिनींना शिवण येत होतं, मग ब्लॉग आला. नुसतं लिहिता येतं आणि विकायचं काही नाही, अशा माणसाला ‘मुळे’ची वाट लगेच उघडत नाही. त्याला लेखनाचंच काम मिळू शकतं: एखाद्या पुरवणीत सदर, अनुवाद, एखाद्या संस्थेसाठी मजकूर. मला दोनदा मिळालं. मानधनाचा चेक यायला लागलेला वेळ अ‍ॅडसेन्सला लाजवेल असा होता.

हा फरक ध्यानात ठेवून मोठी नावं पाहिली की बरंच काही उलगडतं. भारतातले पहिले व्यावसायिक ब्लॉगर म्हणून अमित अगरवाल यांचं नाव घेतलं जातं. ते २००४ पासून तंत्रज्ञानावर लिहीत आले. ‘ब्लॉगिंगवर घर चालतं’ म्हणून अजूनही त्यांचा दाखला दिला जातो. पण त्यांनी जीमेल आणि गूगल शीट्ससाठी छोटी साधनंही बनवली, ती लोक विकत घेतात. वाचक लेखापाशी येतो आणि पुढे गिऱ्हाईक होतो. सगळं उत्पन्न ‘ब्लॉगिंग’ या एकाच नावाखाली मोजलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आपणही इंग्रजी तंत्रज्ञानाचा ब्लॉग लिहून जाहिराती लावल्या की झालं.

याहून फसवा प्रकार म्हणजे ‘ब्लॉगिंगमधून लाखो’ शिकवणारे. डॅशबोर्डचा, म्हणजे कमाईचे आकडे दिसणाऱ्या पानाचा, स्क्रीनशॉट दाखवतात, खाली कोर्सची फी. स्क्रीनशॉट खरा असेलही. पण कोर्सला शंभर जण आले तर त्या महिन्याची त्यांची खरी कमाई कुठून झाली, ते पाहा. ती ब्लॉगमुळे झाली, विकलेली वस्तू मात्र ‘ब्लॉगमधून कमवा’ ही होती. स्वतः ‘मुळे’ने जगायचं आणि दुसऱ्याला ‘मधून’ विकायचं. त्यांना फक्त एवढंच विचारावं, की कोर्स बंद केला तर महिना कसा जाईल?

पैसे घेऊन लिहिलेले लेख, म्हणजे एखाद्या कंपनीने तंबू पाठवला आणि वर दोन हजार दिले, यांची जागा मधली आहे. पैसा पानासाठी मिळतो, पण मिळतो तुमच्या नावामुळे. २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की हा मजकूर जाहिरात आहे हे वाचकाला स्पष्ट दिसलं पाहिजे. आणि १ जुलै २०२२ पासून अशा फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत वर्षाला २०,००० च्या वर गेली तर देणाऱ्याला १० टक्के कर कापावा लागतो. तंबू फुकट आला म्हणजे करातून सुटला असं नाही.

गेल्या काही वर्षांत ‘मधून’ आणि ‘मुळे’ यांच्यातला फरक आणखी ताणला गेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलच्या शोधात सगळ्यात वर तयार उत्तर देणारी सोय भारतात आली. ‘राजमाचीला किती वेळ लागतो’ असं विचारलं की उत्तर तिथेच. वाचक माझ्या पानावर आलाच नाही तर जाहिरात दिसणार कोणाला? ‘मधून’चा पाया वाचकांच्या येण्यावर आहे आणि तोच पोखरला जातोय. वहिनींनाही थोडा फटका बसेल, माप विचारणाऱ्या येणार नाहीत. पण माप कळूनही ज्यांचा मुंढा चुकतो त्या येतीलच, आणि बहुतेकींचा चुकतो.

गेल्या दिवाळीत वहिनींनी विचारलं, “भाऊजी, मीपण लावू का त्या जाहिराती? तुम्ही लावल्यात ना?” मी मोबाइल काढून हिशेब केला. सहा हजार पानं, हजाराला ५० रुपये.

“महिन्याला तीनशे होतील, वहिनी.”

“म्हणजे एका साध्या ब्लाउजची शिलाई.” त्यांनी माझा ब्लॉग उघडला, खालीवर केला. राजमाचीच्या नकाशावर मध्येच कर्जाची जाहिरात चढली होती, वाटेचा अर्धा भाग तिच्याखाली झाकलेला. “माझ्या मुंढ्याच्या आकृतीवर असं आलं तर त्या बिचारीने कापायचं कुठून?” म्हणाल्या, आणि मोबाइल परत दिला.